सरुबाईच्या खिरीचं रसग्रहण

दीप्तीनं ऑर्कुटवर काय लिहिलं व्हतं ते आधी सांगतो, मग तुम्हीच सांगा माझं डोकं फिरंल का न्हाय.

‘उद्या बुद्धपौर्णिमा. आमच्यात खीर हाय. गडमुडशिंगीला सगळ्यांनी या. स्टॉपवर कुणालाबी सरुबाईचं घर विचारा.’

बास, एवढंच. सरुबाई म्हणजे आमची आई. दीप्ती माझी धाकटी बहीण, मराठी घेऊन बी. ए. करणारी. मी राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत कामाला. तिथंच बसून तिनं हे वर्गाच्या कम्युनिटीवर टाकलं. वर्गातल्या सगळ्यांच्या घरी ही पोरगी जेवून आली व्हती. मुरगूडला वर्गातल्या धैर्यशीलच्या घरी म्हाईचं, म्हंजे देवीच्या जत्रेचं, मटण खायला गेली, तवा त्याच्या आईनं हिला आग्रह करकरून वाढलं. एकदा सगळ्यांना आपल्यात बोलवायचं, हे तिनं तवापासून धरलं व्हतं.

संध्याकाळपर्यंत त्याच धैर्यशीलनं खाली हे हाणलं:

‘प्रस्तुत संहितेतील खीर हे केवळ पक्वान्न नसून आदिम स्मृतीचे रूपक आहे. स्टॉप म्हणजे दोन युगांमधला थांबा. “कुणालाबी विचारा” या ओळीत आधुनिक माणसाचे हरवलेपण एकवटले आहे. “सगळ्यांनी या” हे आवाहन मात्र अमूर्त पातळीवरच घ्यावे लागते.’

त्याच्याखाली नुसती जत्रा. एकजण म्हणतोय, वेलदोड्याच्या अनुपस्थितीची समीक्षकांनी दखल घ्यावी. श्रुती म्हणून एक हाय, ती म्हणतेय, यावर पीएच. डी. होईल. हसून हसून लोळायची चित्रं टाकली सगळ्यांनी. ‘येतो’ असं एका बी मर्दानं लिहिलं न्हवतं.

‘गंमत करत्यात रं दादा,’ दीप्ती म्हणाली. ‘येतील की.’

मी त्या पानाची प्रिंट काढली आणि घरी आईला वाचून दाखवली. आई तांदूळ निवडत व्हती. सगळं नीट ऐकून घेतलं तिनं.

‘लय लिवलंय की,’ ती म्हणाली. ‘येतो म्हणून कुठं हाय त्यात?’

मी कागदाची घडी घातली.

‘मोठंच पातेलं ठेवते,’ आई म्हणाली.

पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली. दीप्ती पांढरी साडी नेसून दारात उभी राहिली. कोल्हापूरची बस आली की स्टॉपपर्यंत जायची आणि एकटीच परत यायची. उन्हानं तोंड लाल झालं, तरी आत येऊन बसंना. दिवस कलल्यावर आईनं गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या, त्यांनी आवडीनं खाल्ली. दीप्तीनं एक घास घेतला न्हाय.

‘मी उगंच लिहिलं,’ एवढंच म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

तिचं काय चुकलं व्हतं? जेवायला बोलवलं हेच न्हवं? मला असला संताप आला, की आत्ता सांगतानाबी हात शिवशिवत्यात. शिव्या दिल्या असत्या तर मी मिटवलं असतं. ह्यांनी कौतुक केलं, आणि कौतुकाला काय हाणणार?

दुसऱ्या दिवशी डब्यात उरलेली खीर घेऊन मी कॅफेत गेलो. दुपारी धैर्यशील आला, वडापाव खात खात. त्याला बघायचं व्हतं अजून कुणी कुणी काय लिहिलंय.

‘लय गाजलं की,’ तो म्हणाला. ‘दीप्ती चिडली न्हाय न्हवं?’

‘न्हाय,’ मी म्हटलं. ‘तुझ्यासाठी खीर दिलीया.’

मी टोपण काढून डबा त्याच्यापुढं सरकवला, चमचा ठेवला. त्यानं डब्याकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. कपाळावर घाम आला गड्याच्या.

‘आज गुरुवार,’ तो म्हणाला. ‘उपास असतोय माझा.’

अर्धा वडा त्याच्या हातातच व्हता. त्याचं त्यालाच दिसलं, तवा त्यानं हात मागं घेतला.

मी डबा माझ्याकडं ओढला आणि त्याच्या तोंडापुढं बसून आईची खीर शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ली.

‘बस त्या मशीनवर,’ मी म्हटलं. ‘आणि ह्याच्यावर लिव आता.’