तांबट आळीतली फुंकर

मी एक जुनी कोळीण आहे. हसू नका मित्रांनो, मासे विकणारी नव्हे, छताच्या कोपऱ्यात जाळं विणणारी, लांब पायांची! माझा जन्म सुरगाण्याकडच्या एका झोपडीत झाला. तिथे इतकं शांत असे की चिलट जाळ्याला टेकलं तरी मला झोपेत कळे. एकदा मी कोळशाच्या पोत्यावर चढले काय, आणि बैलगाडीतून थेट नाशिकच्या तांबट आळीत येऊन पडले काय!

अरे बापरे, काय तो ठणठणाट! सावळीराम तांबट हंड्यावर ठोके घालायचा आणि माझं जाळं थरथरायचं. धोका वाटला की आम्ही अंग गदागदा हलवतो, म्हणजे शत्रूला आम्ही धड दिसत नाही. मी दिवसभर हलतच राहिले. संध्याकाळी पायांत त्राण नसे आणि पोटातही काही नसे.

हळूहळू मी शहाणी झाले. जाळं सैल विणू लागले. ठोका आला की गप्प राहायचं, हेही शिकले. खिडकीबाहेर आळीत नुकताच विजेचा दिवा आला होता. चिलटं-पाखरं त्याच्याकडे धावत, म्हणून मी खिडकीच्या वर बिऱ्हाड हलवलं. तिन्हीसांजेला तांब्याचा लालसर उजेड भिंतींवर हलायचा, ठोके फार लांबून आल्यासारखे वाटायचे आणि मला सुरगाण्याचं रान दिसू लागायचं. खरं सांगते, तो ठणठणाट मला अंगाईसारखा गोड वाटू लागला.

मग मला अंडी झाली. पिल्लं बाहेर येईपर्यंत आम्ही ती बारीक धाग्यांत गुंडाळून तोंडातच धरतो. म्हणजे कडक उपास! पण मी आनंदात होते.

दिवाळी जवळ आली. सावळीरामची बायको नवसाबाई काठीला झाडू बांधून आली. जाळं हललं. मला वाटलं, ठोकाच असेल. मी गुंगीत तशीच लटकून राहिले. इतक्यात शेजारी भांड्यांना कल्हई लावणारा महेबूब ओरडला, "वहिनी, थांबा थांबा! तिच्या तोंडात अंडी हायेत."

"मग काय दिवाळीला घरात जळमटं ठेवू?"

"जळमटं काढा की. तिला नका मारू. आमच्यात कोळ्याला मारत नाय."

"अहो, पण मेली हलत का नाही?"

"तुमच्या मालकांच्या ठोक्यांची सवय झालीय तिला. सावळीराम, हात थांबव जरा!"

ठोके थांबले. महेबूबने निखारे फुलवायची फुंकणी उचलली आणि माझ्यावर हळूच फुंकर मारली.

अगं आई! रानातला वाराच अंगावरून गेला. मी खडबडून जागी झाले, अंडी घट्ट धरली आणि तुळईच्या फटीत शिरले. मागून झाडू फिरला. माझं जाळं गेलं.

"पळाली गं बाई!" नवसाबाई म्हणाली आणि हसली.

पिल्लं त्या फटीतच बाहेर आली. ठोके सुरू झाले तशी सगळी इवल्या अंगांनी गदागदा हलू लागली. मला हसू आलं आणि रडूही आलं. आता तीही गप्प राहायला शिकतील, आणि मला त्याचीच भीती वाटते.

मित्रांनो, घर तुमचं आहे, झाडू जरूर मारा. फक्त आधी एक फुंकर घाला. तुमच्या गोंगाटात झोपायला आम्ही शिकलो, पण फुंकरीने आम्हाला अजून जाग येते.