पन्नासपैकी एकोणीस

क्लासच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर तीन गोष्टी लिहितो. गिव्ह, गिव्ह अप, गिव्ह इन. देणं, सोडून देणं, हार मानणं. मग मुलांकडे वळून सांगतो, "शेपटीला एवढासा शब्द लागला की अर्थाचं गाडं कुठल्या कुठे जातं. का जातं ते विचारायचं नाही, पाठ करायचं." मुलं हसतात आणि मुकाट उतरवून घेतात. बावीस वर्षं हेच चाललंय. पण याच 'विचारायचं नाही'च्या आडोशाने मी माझ्याच घरात एक पाप केलं, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. दादा कारखान्यात पाळ्या करायचा, बायको ऑफिसात, मी क्लासवर, लेक पाच वर्षांची. उरल्या वहिनी. आईचं अंग पुसणं, औषधं, लेकीची शाळा, सगळं त्यांच्या गळ्यात, आणि आम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मोकळे. त्याच सुमारास मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर माणसं हवी होती. बारावी पास आणि बोलण्यापुरतं इंग्रजी, एवढीच अट. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला शिकवा ना. बघू तरी जमतंय का."

तीन महिने शिकवलं. त्यांनी घरभर चिठ्ठ्या डकवल्या. नळावर टर्न ऑफ, बंद करणं; साखरेच्या डब्यावर रन आउट ऑफ, संपणं; आईच्या पलंगाच्या दांडीवर लुक आफ्टर, सांभाळणं. आई कुरकुरायची, "मला कसली चिठ्ठी लावतेस? मी काय डबा आहे?" वहिनी भांडी घासताना पुटपुटायच्या आणि मध्येच हात थांबवून विचारायच्या, "ऑफ म्हणजे बंद ना हो? मग काम पुढे ढकललं तर पुट ऑफ कसं?" क्लासमधल्या एकाही कार्ट्याने मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला त्याचं उत्तर येत नव्हतं, हेही खरं.

एका रविवारी दुपारी मी पन्नास गाळलेल्या जागांचा पेपर काढला. क्रियापद दिलेलं, शेपटीचा शब्द त्यांनी भरायचा. म्हटलं, "पस्तीस पडले तर खुशाल फॉर्म भरा." त्यांनी काळ्या पेनाने चाळीस मिनिटांत पेपर हातावेगळा केला. मी तपासायला घेतला, तर पहिल्या पानावर चूक सापडेना. तेवढ्यात आतून आईने हाक मारली आणि त्या भांडं द्यायला उठल्या.

मी लाल पेन धरून बसलो होतो. ही बाई गेली तर आईचं कोण करणार? मी? बायको? नुसत्या विचाराने माझी पाचावर धारण बसली. लाज वाटते सांगायला, पण निर्णय घ्यायला मला फार वेळ लागला नाही. बरोबर उत्तरांवर काट मारली आणि शेजारी, छान सुवाच्य अक्षरात, चुकीचे शब्द लिहिले. लुक आफ्टरचं लुक ओव्हर केलं, सांभाळण्याचं नजर टाकणं. पुट ऑफचं पुट आउट, पुढे ढकलण्याचं विझवणं. वर गोल करून लिहिलं, पन्नासपैकी एकोणीस.

वहिनी हात पुसत आल्या. बराच वेळ कागद बघत राहिल्या. "इतकं चुकलं? हे लुक आफ्टर का नाही हो?"

"वहिनी, इंग्रजीत 'का' नसतं."

"जाऊ दे," त्या हसल्या. "मी मेली ढच. तुमचा उगाच वेळ खाल्ला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्या काढल्या, ओल्या फडक्याने डिंक पुसून टाकला. आई पुढे चार वर्षं जगली. वहिनींनी तिच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. तोवर नोकरीची वयाची अट उलटून गेली. मला बरेचदा वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्याच्या आयुष्याची मूठ झाकून बसायला मला कुणी सांगितलं होतं, हा विचार मी टाळायचो.

गेल्या शनिवारी माझी लेक, आता अकरावीत आहे, चाचणीचा पेपर घेऊन तणतणत आली. "बाबा, माझे सहा मार्क गेले! काकूने सांगितलं तेच लिहिलं होतं मी!"

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "असं कसं? मी माझ्या मनाचं नाही सांगितलं गं. भाऊजींनी स्वतः लिहून दिलंय." आणि कपाटातून त्यांनी ती वही काढली. पेपर आत चिकटवलेला होता. खाली पानंच्या पानं, प्रत्येक लाल शब्द दहा-दहा वेळा गिरवलेला. चूक दहादा लिहून काढावी, हे माझंच सांगणं.

लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "तेव्हा... तसंही चालायचं." शरम नसलेला माणूस.

"बघ," वहिनी लगेच लेकीला म्हणाल्या, "नाहीतर माझीच उतरवताना चूक झाली असेल. आधीच मी ढ."

तिथे मला राहवलं नाही. "वहिनी, तुमची चूक नाही. तुमचं बरोबर होतं. मी मुद्दाम काट मारली. आईचं कोण करेल म्हणून."

वहिनींनी पेन माझ्यापुढे ठेवलं. "खरे किती पडले होते?"

मी मोजले. "शेहेचाळीस."

"लिहा. सही करा."

मी लिहिलं, सही केली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढला नाही. "इंग्रजीत फोन आला की मी भिऊन तुमच्या हातात द्यायची, भाऊजी. अकरा वर्षं. तुमच्या दादांसमोर, पोरीसमोर स्वतःला ढ म्हणत आले. आईंचं मी तरीही केलं असतं हो. दवाखान्यातली पाळी बदलून केलं असतं. एकदा विचारायचं तरी होतं."

मला माफी मागायची होती. शब्द फुटला नाही. बावीस वर्षं भाषा शिकवणारा माणूस मी.

वहिनींनी डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि वही लेकीच्या पुढ्यात सरकवली.

"चल, बस इथे. सोमवारी पुन्हा चाचणी आहे ना?" त्या म्हणाल्या. "लाल आहे ते सोडून दे. काळं आहे तेवढं पाठ कर."