सातव्या डावातला टप्पा

"लागलंय कुठे नेमकं? मनगटाला की वर?" व्हर्नाने फोनवर विचारलं.

मी आपला सहज बोलून गेलो होतो, की आमच्या आन्सेल्मोला काल बॉल लागला आणि बायको सकाळपासून त्याला बर्फाने शेकतेय. आन्सेल्मो आमच्या बेसबॉल संघाचा थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसपाशी बॉल अडवणारा, एकोणीस वर्षांचा. मोसमभर खेळाडूंना गावातल्या घरांनी ठेवून घ्यायचं ही आमच्याकडची रीत, म्हणून तो आमच्या माडीवर राहतो.

"गळ्याजवळच्या हाडाला," मी म्हणालो. "काळंनिळं झालंय."

ती म्हणाली, "गॉर्डी, माझ्याकडे ये." आणि फोन ठेवला.

व्हर्ना स्टॉके आमच्या मैदानाची अधिकृत स्कोअरर. जिल्हा कचेरीत तीस वर्षं तिने जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या आणि संध्याकाळी मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत बसून सामन्यांच्या. मी तिच्या शेजारी बसून लाउडस्पीकरवर बोलतो, एकोणीस वर्षं झाली. आमचा संघ व्यावसायिक बेसबॉलच्या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवरचा. इथून पोरं वर जातात नाहीतर घरी जातात. घरी जाणारेच जास्त.

रॉइस टिलमन हा दुसऱ्या गटातला. सव्वीस वर्षांचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, खांदा दुखरा, आणि पाच वर्षांत एक पायरी वर सरकलेला नाही. तो व्हर्नाकडे राहायचा. तिला पोरबाळ नाही, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. ती त्याच्यासाठी त्याच्या गावाकडची, अलाबामाच्या पद्धतीची मक्याची लापशी करायला शिकली, यावरून मी तिला पुष्कळ चिडवलं आहे.

आणि काल या रॉइसने नऊच्या नऊ डाव एकही हिट दिली नाही, म्हणजे समोरच्या एकाही फलंदाजाला स्वतःच्या फटक्यावर बेस गाठू दिला नाही. भल्याभल्यांना जन्मात जमत नाही ते. मैदानावरची माणसं अक्षरशः रडली, त्यात मीही होतो. सगळं अडलं होतं ते फक्त सातव्या डावात. जोरात मारलेला बॉल आन्सेल्मोकडे गेला, त्याच्या हातून सुटला, फलंदाज पहिल्या बेसवर पोचला. ही फलंदाजाची हिट की आन्सेल्मोची चूक, हे ठरवायचं व्हर्नाने; चूक धरली तर ती हिट मोजत नाहीत. तिने पेन उचललं आणि थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं म्हणणं खोटं ठरेल, मी हात जोडल्यासारखं पाहिलं. तिने "चूक" लिहिलं आणि मी लगेच ते जाहीर करून टाकलं.

मी पोचलो तेव्हा रॉइस न्याहारी करत होता. मी दारातच उभा राहिलो.

"बॉल त्याच्या हाडाला लागला," व्हर्ना त्याला सांगत होती. "म्हणजे गवताच्या कडेला आपटून एकदम उसळला. असा उसळलेला बॉल कोणाच्याच हातात येत नाही. ती हिट होती, रॉइस. मी चुकीचं लिहिलं. चोवीस तासांत बदलता येतं, आणि मी बदलणार आहे."

रॉइसने काटा खाली ठेवला. "मिस व्हर्ना, बदला असं कोणी म्हटलंय तुम्हाला?"

"कोणीच नाही."

"मग? त्या पोराला अजून शंभर चुका करायला जागा आहे. मला अशी दुसरी संध्याकाळ मिळायची नाही. तुम्हाला ठाऊक आहे ते."

"ठाऊक आहे. म्हणूनच तर काल तसं लिहिलं," ती म्हणाली. "समोरच्यांचा पिचर असता तर मी डोळे मिटून हिट लिहिली असती. तू होतास म्हणून लिहिली नाही. आपल्या माणसासाठी वेगळं लिहायचं असेल तर मी त्या खुर्चीवर बसूच नये."

तो उठला आणि बशी तशीच टाकून निघून गेला.

मैदानाकडे जाताना गाडीत मी तिच्याशी वाटेल तसा भांडलो. आन्सेल्मोची काही तक्रार नाही म्हणालो, एवढ्या मोठ्या देशात कोणाला पडलीय म्हणालो, देवसुद्धा इतका बारीक हिशेब बघत नाही म्हणालो. ती म्हणाली, "देवाचं देव बघेल." लीगच्या कचेरीला तिने माझ्यादेखत कळवलं. दुपारी सामन्याआधी तिने दुरुस्तीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचणार नाही म्हणालो. तिने माइककडे हात नेला तेव्हा मात्र मला लाज वाटली आणि मीच वाचलं.

मैदानभर शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या, कोणीतरी शेंगदाण्याची पुडी आमच्या खिडकीवर फेकली. व्हर्नाने पहिल्या फलंदाजाचं नाव लिहिलं आणि मान वर करून खेळ बघायला लागली. लिहिण्यापुरती सोडली तर त्या दिवशी तिची मान एकदाही खाली गेली नाही.

मंगळवारी क्लबने रॉइसला करारातून मोकळं केलं. ते होणारच होतं, हिट असो वा नसो. पण गावातले निम्मे लोक आजही व्हर्नालाच बोल लावतात, आणि ती कोणाला समजावत बसत नाही.

त्याचं सामान गाडीत ठेवायला मीही गेलो होतो. व्हर्नाने वाटेसाठी सँडविच बांधून दिले. ते त्याने घेतले, पण तिच्याकडे बघितलं नाही. गाडी सुरू केल्यावर मात्र काच खाली केली.

"माझा राग गेलेला नाही, मिस व्हर्ना."

"असू दे."

"पोचलो की फोन करतो."

"रात्रीची गाडी चालवू नकोस," ती म्हणाली.

गाडी वळणापलीकडे गेली तरी ती अंगणातच उभी होती. एक कप कॉफी घेऊ या, असं मी म्हणणार होतो. पण ती आत गेली, तडक त्याच्या खोलीत, आणि पलंगावरची चादर ओढून काढायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती थांबत नव्हती.

"चारच्या बसने नवा पिचर येतोय," ती म्हणाली. तिने धुतलेली चादर झटकली आणि दुसरी दोन टोकं माझ्याकडे फेकली. "धर. आणि नीट ताण, सुरकुती राहू देऊ नकोस."