हिरडीच्या आत

गॉगलची काडी कानावर टेकत नव्हती, नाकावरून पुन्हा पुन्हा घसरत होती, आणि त्या हिरवट काचांतून छत, दिवा, डॉक्टरांचा हातमोजा — सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. चेतनानं काडी सरळ करायला हात उचलला, तर नागम्मा नर्सनं तो हळूच धरून परत पोटावर ठेवला.

"लई दुखत न्हाय बाई. गप पडून राहा की."

दुखण्याची भीती नव्हतीच. इंजेक्शननं डावा गाल केव्हाच परका झाला होता. भीती होती ती या उघड्या तोंडाची — जे शाळेत, घरी, देवळात, सगळीकडं पदराआड ठेवलं, ते आज दिव्याखाली सताड उघडं, आणि त्याच्या अगदी समोर या तरुण डॉक्टर मुलीचं नाक. मास्क आहे म्हणा. पण मास्कनं काय थांबतं... मी तिच्या जागी असते तर मला वास आला असता.

ब्रश केल्यावर फेस गुलाबी यायचा, त्याला कितीतरी वर्षं झाली. मग कडक भाकरी दुधात भिजवल्याशिवाय खाता येईना, मग रक्तात साखर निघाली, मग खालची एक दाढ जिभेनं ढकलली की हलू लागली. तेव्हा कुठं ती डॉक्टर काव्याकडं आली. आधीच्या खेपांना हिरड्यांखालची खोल सफाई झाली होती, तरी मागच्या दाढांपाशी हिरडी दातापासून सुटलेलीच राहिली. तिथं आज लेसर. डॉक्टरनं उगाच मोठेपणा सांगितला नव्हता. खरं काम सफाईचंच, म्हणाली होती, लेसर मदतीला. आतली सडलेली कड निघते, जंतू कमी होतात, रक्त फारसं येत नाही. पुढं ब्रश आणि साखर तुम्ही सांभाळायची, नाहीतर हे परत येतं.

परत येतं... हे एवढंच चेतनानं घरी नेलं होतं.

डॉक्टर मान न वळवता नागम्माशी कन्नडमध्ये काहीतरी बोलली. नागम्मानंही कन्नडमध्येच उत्तर दिलं. चेतनाला कन्नड येत नव्हतं; ना ते माहेरी होतं, ना सासरी. पण त्या गडबडीतला एक शब्द तिनं अचूक उचलला — वासनी. वास. म्हणजे आलाच. म्हणजे इथंसुद्धा, औषधांच्या या उग्र दर्पातसुद्धा, त्यांना आला, आणि तिला कळू नये म्हणून... पोटावरची बोटं एकमेकांत घट्ट रुतली. उठून जावं का? अर्ध्या मेलेल्या गालानं?

शाळेत ती फळ्यापाशी उभं राहून शिकवायची. वही तपासताना मुलीला म्हणायची, ठेव तिथं, जा बाकावर. पर्समध्ये लवंगा, बडीशेप. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची. हे सगळं जमवून घेता येतं. घरात जमत नाही. घरात नवरा, हृषीकेश. मैंदर्गीला मावसदिराच्या लग्नाला निघाले होते, भाड्याची जीप, मागच्या बाकावर मुलगी इंद्रायणी पेंगत होती, आणि काहीतरी गमतीचं — काय ते आता आठवतही नाही — सांगायला चेतना त्याच्या कानाशी झुकली, तर त्यानं चेहरा खिडकीकडं फिरवला आणि काच खाली केली. बस्स. एवढंच. रात्री घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपला, आणि पुढं तसाच झोपत राहिला. तिनं काही विचारलं नाही, कारण तिला कारण माहीत होतं. कारण माहीत असलं की माणूस कसं का होईना निभावून नेतो. आता मुलगी पुण्याला नोकरीला. घरात दोघंच, आणि दोघांत ते कारण.

लाल ठिपका दिसला. बारीक तार हिरडीच्या कडेनं आत गेली. यंत्र टिकटिकू लागलं, आणि मग वास आला — गॅसवर केस जळावा तसा. चेतनाचं सगळं अंग ताठ झालं. आता खोलीभर मी. आता बाहेर बसलेल्या माणसांपर्यंत, त्यांच्यात बसलेल्या हृषीकेशपर्यंत...

डॉक्टरनं पाय पेडलवरून काढला. "मॅडम, घाबरलात? हा जळका वास लेसरचा. मघाशी नागम्माला तेच सांगत होते, वास येईल, पंखा लाव."

पुन्हा टिकटिक. पुन्हा थांबणं. शेवटी नळी, कापूस, गॉगल सगळं निघालं, खुर्ची वर आली. चेतनानं चूळ भरली. पाणी बधिर ओठावरून हनुवटीवर सांडलं. ते पुसता पुसता, बेसिनकडंच बघत, तिनं विचारलं, "डॉक्टर, माझ्या तोंडाचा... वास अजून येतो?"

डॉक्टरनं मास्क खाली घेतला. ती वाकली, इतकी जवळ आली की तिच्या पापण्या वेगवेगळ्या दिसल्या. इतक्या जवळ कितीतरी दिवसांत कुणी आलं नव्हतं. चेतनानं श्वास रोखून धरला.

"सोडा श्वास," डॉक्टर म्हणाली. मग सरळ उभी राहिली. "पहिल्या दिवशी होता. सफाई झाल्यापासून नाही."

सफाई उन्हाळ्याआधी झाली होती. आणि काल रात्रीसुद्धा हृषीकेशचं तोंड भिंतीकडंच होतं...

डॉक्टरनं दाढेपाशी नवा कापूस ठेवला आणि हृषीकेशला आत बोलावलं. आज तिखट नको, गरम नको, त्या बाजूनं चावायचं नाही, फार बोलायचं नाही — डॉक्टर सांगत होती आणि तो शाळकरी मुलासारखा मान हलवत होता. जाता जाता ती म्हणाली की, मॅडमना वासाची फार काळजी होती, घरच्यांनी आधीच आणायला हवं होतं.

"वास?" तो म्हणाला. "मला नाही आला कधी."

सहज म्हणाला. फार सहज. चेतनानं त्याचा चेहरा शोधला — पापणी हलली का, ओठ? काहीच नाही. खोटं असेल तर किती माया आहे त्यात. आणि खरं असेल तर... खरं असेल तर जीपमध्ये काय होतं? मग एवढी वर्षं आपण कशापासून तोंड झाकत होतो, आणि तो कशाकडं पाठ करत होता?

खाली आल्यावर उन्हानं डोळे मिटले. त्यानं स्कूटर स्टँडवरून काढली, पण चालू केली नाही. हँडलवर हात ठेवून, समोरच्या दुकानाकडं बघत बोलला.

"तू तोंड फिरवायचीस. पदर घ्यायचीस. मला वाटलं, तुला माझं जवळ येणं नको झालंय."

तोंडात कापूस होता. बोलायचं नव्हतं, बोलता आलंही नसतं. तिनं फक्त हं केलं, आणि त्या ‘हं’चा अर्थ काय हे तिलाही कळलं नाही. मग त्यानं स्कूटर चालू केली.

सात रस्ता चौकाच्या सिग्नलला तो मान किंचित मागं वळवून दुखतंय का म्हणून विचारू लागला, आणि तिचा हात आपोआप पदराकडं गेला — तिनं तो वाटेतच थांबवला. हात मांडीवर पडून राहिला. बधिरपणा उतरायला लागला होता. हिरडीच्या आत कुठंतरी बारीक, खरी ठणक जागी होत होती. तिला एकदम वाटलं, आधी कोण वळलं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि त्यामागोमाग दुसरं, जे तिनं आजवर मनात येऊ दिलं नव्हतं: त्या वासाच्या आड मी सुखरूप होते का? वास होता म्हणून काही मागावं लागत नव्हतं, काही द्यावं लागत नव्हतं... आज हृषीकेश या कुशीवर वळला, तर? आपल्याला ते हवं आहे? इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पडलाच नव्हता, आणि आता पडला तर त्याचं भय तिच्या ओळखीचं नव्हतं. ते उघडं होतं, त्याला झाकायला आता वासाचं कारण नव्हतं, आणि तरी तिनं तोंड फिरवलं नाही.