चढावरची दुसरी फेरी

झाकण लावण्याआधी ताईने पुलीच्या चकतीवर मार्करने काळ्या रेघा ओढल्या, शाई वाळली का ते बोटाने पाहिलं आणि मग बोल्ट आवळायला घेतले. सीटवर बसून हेल्मेट चढवणाऱ्या धाकट्याला त्या रेघा दिसल्या. पण तिच्या प्रत्येक गोष्टीला ‘का’ म्हणून विचारणं त्याने लहानपणीच सोडून दिलं होतं. विचारलं की ती सांगायची, आणि सांगायला लागली की जेवण गार व्हायचं.

धाकटा तिचा सख्खा भाऊ, त्याच कॉलेजात दोन वर्षं मागे. त्याच्यामुळे सगळी टीमच तिला ताई म्हणायची, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. टीमने मिळून बनवलेली गाडी म्हणजे पाइपांचा पिंजरा, चार जाडजूड टायर आणि मागे एक छोटंसं इंजिन. कॉलेजांच्या स्पर्धेत दगडधोंड्यांतून आणि चिखलातून पळवायची ही गाडी. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत न्यायचा कसा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. एकीकडे ताईने स्वतः आखून, स्वतः उभं राहून कापून घेतलेला गिअरबॉक्स. दुसरीकडे आधीच्या बॅचच्या गाडीतून काढलेला रबरी पट्टा. तो दोन पुलींवर फिरायचा आणि वेग वाढेल तसा आपोआप पुलीवर आतबाहेर सरकायचा. त्याला ना क्लच, ना गिअर बदलण्याची कटकट.

गिअरबॉक्स वर्षभर घरच्या जेवणाच्या टेबलावर वाढला होता. आई वैतागून म्हणायची, “आधी तुझी ती चाकं उचल, मग ताटं मांडते.” बाबा मात्र आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ड्रॉइंग दाखवायचे आणि त्यातलं काहीही कळत नसताना समजावूनही सांगायचे. पहिल्यांदा कापून आणलेले गिअर एकमेकांत घासायला लागले, तेव्हा ताई दिवसभर कोणाशी बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोरा कागद घेतला होता. धाकट्याने हे सगळं जवळून पाहिलं होतं. त्याच्या लेखी निकाल कधीच लागला होता.

टीमचा एक जुना रिवाज होता. ज्याचं डिझाइन पणाला लागलंय, त्यानेच समोरचा पर्याय आपल्या हातांनी गाडीत बसवायचा. मागाहून कोणी ‘नीट बसवलाच नव्हता’ म्हणायला नको. म्हणून सकाळी गिअरबॉक्सची फेरी झाल्यावर ताईने तो स्वतः उतरवला आणि पट्टा चढवला. तोही असा, की वेल्डिंग सांभाळणारा मित्र बघतच राहिला.

“स्वतःच्या शत्रूला कोणी इतकं नटवतं का गं?” तो म्हणाला.

“नटवत नाहीये. तेल लागलंय, ते पुसतेय,” ताई म्हणाली. “एक टिपूस राहिला तर घसरेल.”

वर्कशॉपच्या मागे आधी सपाट जागा होती आणि मग बांधकामाचा राडारोडा टाकून तयार झालेला चढ. माथ्याजवळ सगळ्यात मोठा दगड. सकाळी गिअरबॉक्सवर धाकट्याने गाडी अगदी जीव तोडून चालवली होती. मधेच गिअर बदलताना ती क्षणभर अडखळली, पण वर पोचली. आता टीमच्या सरांनी स्टॉपवॉच उंचावलं. धाकटा निघाला, आणि सपाटीवरच त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय अर्ध्यावर रोखला. इंजिन कण्हल्यासारखं करत राहिलं. मोठ्या दगडावर गाडी रडतखडत चढली. खाली उभ्या पोरांना वाटलं, बिचारा पट्ट्यात दमच नाही.

“संपला विषय!” वेल्डर ओरडला. “ताई, पार्टी!”

सरांनी घड्याळ पाहून मान डोलावली. सगळे हसत पाण्याच्या बाटल्यांकडे वळले. ताई तेवढी गाडीपाशी आली. गुडघे टेकून तिने झाकण काढलं आणि नुसती पाहत राहिली.

“इकडे ये.”

धाकटा वाकला. पुलीवरच्या रेघा आतल्या बाजूला पुसल्या गेल्या होत्या. बाहेरच्या अर्ध्या भागात मात्र शाई जशीच्या तशी होती.

“इंजिनाला जोर दिला की पट्टा बाहेर सरकतो,” ती हळू आवाजात म्हणाली. “जाईल तिथवरची शाई पुसत जातो. हा अर्ध्यातच थांबलाय. सपाटीवरसुद्धा.”

धाकट्याने उरलेल्या शाईवरून बोट फिरवलं. हेल्मेट काढायचंही तो विसरला.

“तुझाच चांगलाय,” तो म्हणाला. “सगळ्यांना माहितीये.”

“मग इतकं घाबरायचं कशाला?”

“अगं, वर्षभर राबलीयेस तू.”

“तू माझ्यासाठी केलंस, कळतंय मला.” तिने फडक्याला हात पुसले. “पण असल्या निकालावर मी ही गाडी स्पर्धेत नेऊ? वर तोंड करून?”

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ती उठली आणि बाकीच्यांना हाक मारली.

“सर, फेरी पुन्हा घ्यावी लागेल. पट्टा बसवताना माझ्याकडून चूक झाली. पूर्ण सरकत नव्हता.”

वेल्डरने भुवया उंचावल्या. ताईच्या हातून बसवण्यात चूक? सरांनीही तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं, मग ‘बरं’ म्हणून घड्याळ शून्यावर आणलं. धाकट्याचे कान लाल झाले. तिच्या हाताचं काम म्हणजे डोळे झाकून भरवसा, हे टीममध्ये सगळ्यांना पाठ होतं. ते नाव तिने त्याच्यासाठी एका वाक्यात मातीत घातलं होतं, आणि आता खाली बसून शांतपणे नव्या रेघा ओढत होती. आपल्याला अशी बहीण आहे याचा त्याला फार अभिमान वाटला.

या वेळी त्याने पाय पुरता दाबला. सपाटीवर गाडी उधळली, चढावर कुठेही न अडखळता दगडांवरून उड्या घेत गेली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गिअरसाठी एकही काढावा लागला नाही. मोठा दगड समोर आला. पाय जरा सैल सोडला तर गाडी इथे रेंगाळेल, आणि रेघा सपाटीवरच पुसल्या गेल्यामुळे ते त्यांत दिसणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं. त्याने दात आवळले आणि पाय तसाच ठेवला.

तो खाली आला तेव्हा कोणी ओरडलं नाही. सरांनी घड्याळ ताईपुढे धरलं. तिने पाहिलं.

“पट्टा,” ती म्हणाली आणि पहिली टाळी तिनेच वाजवली.

थोड्या वेळाने धाकटा तिला शोधत आत गेला. ती बेसिनपाशी उभी होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुन्हा पुन्हा साबण लावत होती. तो शेजारच्या नळाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानेही हात धुवायला घेतले.

“त्या वरच्या दगडाशी तुझा पाय सुटेल असं वाटलं होतं,” ती म्हणाली.

“नाही सुटला.”

“पाहिलं ना मी.” तिने नळ बंद केला. “खाली उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, सोड रे, सोड.”

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. तिने ओल्या हाताच्या पाठीने डोळे पुसले, दारातून बाहेर डोकावली आणि वेल्डरला हाक दिली.

“अरे, माप घ्यायला ये. पट्ट्याला आता नवं झाकण लागेल, चिखल आत जाता कामा नये.”