फोन वाजला तेव्हा

आईने चादरीची दोन टोकं घट्ट धरून झटका दिला. समोरची दोन टोकं लेकीच्या हातात होती. दवाखान्याच्या धुलाईघरात आई रोज अशाच जोडीने चादरींच्या घड्या घालायची. घरी इंग्रजीच्या उजळणीलाही तिने घडीचाच नियम लावला होता: लांब असताना प्रश्न, टोकं जुळली की उत्तर.

उद्या दवाखान्यात आईची इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. पास झाली तर चौकशीच्या टेबलामागची खुर्ची. नाहीतर आहेच ती वाफ आणि सुजलेली बोटं.

"काल संध्याकाळी काय करत होतीस? इंग्रजीत सांग," लेक म्हणाली.

दोघी जवळ आल्या.

"आय वॉज कटिंग ओनियन्स."

"रडतही होतीस."

"ते विचारलंस का? मग गप."

लेक हसली. पुढची चादर. उजळणीच्या पुस्तकातला पुढचा प्रश्न वगळावा, असं तिला क्षणभर वाटलं. पण उद्या नेमका तोच आला तर? आणि खरं म्हणजे, तिला कितीतरी वर्षं तेच विचारायचं होतं.

"व्हेन द फोन रँग, व्हॉट वेअर यू डूइंग?"

या घरात फोन म्हणजे एकच. बाबांच्या अपघाताचा.

"आय वॉज आयर्निंग," आई जागेवरूनच म्हणाली. मावशीलाही तिने हेच सांगितलं होतं.

लेकीला ती दुपार आठवत होती. वर्गातले पंखे बंद होते. बाई वहीने वारा घेत होत्या.

"आई, त्या दिवशी गावभर वीज नव्हती."

चादर मध्ये सैल पडली.

"तुझं ते प्रयोगशाळेतलं डोकं तिकडेच ठेवून येत जा."

आवाजात राग नव्हता. आईने नसलेली सुरकुती अंगठ्याने सपाट केली, पुढे आली आणि टोकं लेकीच्या हातात दिली.

"आय वॉज सिंगिंग," ती म्हणाली. "चांगलं मोठ्याने. म्हणून आधी ऐकूच आला नाही. वाजून वाजून बंद झाला, मग पुन्हा वाजला."

रेडिओवर गाणं लागलं की आई आवाज कमी करायची. लेकीला वाटायचं, तिला गाणी आवडत नाहीत.

लेकीने घडी बाजूला ठेवली. नवी चादर उलगडली, दोन टोकं आईला दिली आणि कापड ताणलं जाईपर्यंत मागे गेली.

"व्हॉट वेअर यू सिंगिंग?"

"हे पुस्तकात आहे?"

"नाही."

आई टोकं धरून तशीच उभी राहिली. मग चादर न झटकताच ती लेकीकडे चालत येऊ लागली.