रंभा भगतिणीच्या सुपात न मावलेलं नाव

मालूला काय झालंय ते वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, एक मालू सोडून. कोणी म्हणे वारा लागला, कोणी म्हणे ओढ्यावरच्यानं धरलं. विद्यापीठात एम.ए. करणारी पाड्यातली पहिली पोर. दोन हजार तीनच्या शिमग्याआधी घरी आली ती पडूनच राहिली. जागेपणीही पाण्याखालून ऐकल्यासारखं तिला सगळं लांबून ऐकू येई. परीक्षा दीड महिन्यावर, आणि प्रकल्पावर सही करणार तिचे मार्गदर्शक सर. ती केबिनमध्ये गेली की ते दार लावून घेत. आधी पाठीवर हात, मग कमरेवर. "सही हवी ना?" एवढंच. एवढ्याला काय म्हणायचं, तेच तिला कळत नव्हतं.

आई सकुबाई तिला रंभा भगतिणीकडे घेऊन गेली. रंभानं सुपात तांदूळ पसरले, धूप घातला. रीत अशी, की धरणाऱ्याचं नाव धरलेल्यानंच घ्यायचं, त्याशिवाय ते सुटत नाही. अंगारा लावायला रंभानं हात उचलला आणि ती थांबली. "लावू का गो?"

मालू ढसाढसा रडली. वर्षभरात तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. धुरात सगळं तरंगत होतं, आणि तिच्या तोंडून नाव बाहेर पडलं, आडनावासकट. मागोमाग केबिन, दार, हात, सगळंच.

सकुबाईनं तोंडावर पदर घेतला. रंभा तांदूळ गोळा करू लागली. "ह्यो तर जित्ता मानूस हाय. जित्त्याला माज्या सुपात जागा नाय. तिकडं अशांना बघनारं कोन नाय का?"

होतं की. ग्रंथालयाबाहेर महिला तक्रार समितीचा कागद मालूनं कितीदा वाचला होता. पण तो मोठं काही घडलेल्यांसाठी, असं तिनं आपलं ठरवून टाकलेलं. आपलं दुःख लहान धरायची सवय आपल्या पोरींना कोण लावतं, देव जाणे.

चौथ्या दिवशी मायलेकी समितीपुढे बसल्या. दोन वर्षं मालू विद्यापीठात जपून, पुस्तकातली भाषा बोलत आली होती. समितीच्या बाईंनी सगळं ऐकलं, प्रकल्पाला दुसरे मार्गदर्शक देऊ म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"मला डिग्री पायजे," मालू म्हणाली. "आन् भ्याचं तं त्यानं भ्यावं. मी आता भ्यायची नाय."

बाईंनी एक अक्षर न बदलता ते लिहून घेतलं.